नवे मासे आधी वेगळ्या टाकीत

ईद झाली की मुलांच्या खिशात ईदी खुळखुळते आणि माशांच्या दुकानांत गर्दी होते. मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट, इतर गावांत बसस्टँडजवळचे एखादे छोटे दुकान. फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मॉली, दोन गप्पी, फार तर एक गोल्डफिश घेऊन पोरे रिक्षातून घरी येतात, पिशवी टाकीत रिकामी होते आणि सगळे घर टाकीभोवती जमते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी माझ्या विज्ञानाच्या तासाला कोणीतरी हात वर करून सांगते, "टीचर, आमचे सगळे मासे मेले." सगळे म्हणजे सगळे. नवे आणलेले तर गेलेच, पण घरात वर्षानुवर्षे असलेलेही गेले.

मी दरवेळी एकच प्रश्न विचारते. नवे मासे कुठे सोडले होते? उत्तर ठरलेले असते, "जुन्यांतच."

घरात फिशटँक असणाऱ्या बहुतेक कुटुंबांना दुसऱ्या टाकीची कल्पनाच नसते. ही दुसरी टाकी शोभेची नसते, बैठकीच्या खोलीत ठेवायची नसते आणि वर्षातले बरेच महिने ती रिकामीच असते. नवा मासा आला की त्याला तीन-चार आठवडे तिथे एकटे ठेवायचे, आणि जुन्यांपैकी एखादा आजारी पडला की त्याची तीमारदारीही तिथेच करायची. 2020 नंतर 'विलगीकरण' आणि 'क्वारंटाइन' हे शब्द लहान मुलांनाही पाठ झाले आहेत, त्यामुळे समजावणे सोपे झाले आहे. या शब्दाचा उगम मी वर्गात आवर्जून सांगते. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक शहराने 1377 साली साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे ते दिवस चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस' वरून क्वारंटाइन हा शब्द आला. आपल्या घरांत बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा असतो हे मुलींना माहीत असतेच, त्यामुळे हा आकडा त्यांच्या चांगला लक्षात राहतो.

दुकानातला मासा

दुकानातल्या माशाचा प्रवास एकदा डोळ्यांसमोर आणावा. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या भागांत, जिथे घरोघरी शोभेचे मासे वाढवले जातात, तिथे जन्मलेले असतात. तिथून ते ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून घाऊक व्यापाऱ्याकडे जातात, मग किरकोळ दुकानात, मग आपल्या घरी. आठ-पंधरा दिवसांत तीन-चार वेळा पाणी बदलते, प्रत्येक वेळी जाळीत धरले जाते, उपास घडतो. वेगवेगळ्या ठिकाणचे मासे दुकानात एका रांगेतल्या टाक्यांत येतात आणि बहुतेक दुकानांत एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरते. यात दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्याकडे मासा दोन दिवस राहतो, चार दिवस राहतो. आजार अंगात असला तरी तो दिसायला तेवढे दिवस पुरत नाहीत. तो दिसतो आपल्या घरी.

आमच्या वसाहतीत एसटीतून निवृत्त झालेले एक बुजुर्ग आहेत. त्यांच्याकडे सहा वर्षांची दोन गोल्डफिश होती, तळहाताएवढी झालेली. फजरनंतर टाकीजवळ खुर्ची ओढून बसायचे, चिमूटभर खाद्य टाकायचे, मग वर्तमानपत्र. चौथीतल्या नातवाने ईदीच्या पैशांतून तीन काळ्या मॉली आणल्या आणि दादांना खूश करायचे म्हणून त्याच टाकीत सोडल्या. पाचव्या दिवशी मॉलींच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानातून निळ्या औषधाची बाटली आली, टाकीचे पाणी शाईसारखे झाले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक गोल्डफिश तेवढी उरली. दादा काहीच बोलले नाहीत. पण तो मुलगा महिनाभर त्या खोलीत यायचा बंद झाला, कारण घरात कोणी म्हटले नव्हते तरी त्याने स्वतःशी ठरवून टाकले होते की हे आपल्यामुळे झाले.

त्या मुलाला जे कोणी सांगितले नाही ते पुढे लिहीत आहे.

पांढरे ठिपके कसे पसरतात

त्या आजाराला दुकानांत 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इक' म्हणतात. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि गोड्या पाण्यातल्या जवळजवळ कुठल्याही माशाला होऊ शकतो. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खाणारा, फुगलेला परजीवी. तो आत असेपर्यंत पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो माशाच्या अंगावरून गळून पडतो आणि खडीवर, झाडांवर, काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. मग ती पिल्ले पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधतात. उबदार पाण्यात त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध किंवा मीठ त्यांना फक्त याच पोहणाऱ्या अवस्थेत मारू शकते.

पंचवीस-सव्वीस अंश सेल्सियसच्या पाण्यात हे सगळे चक्र तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते. पाणी थंड असेल तर काही आठवडे लागतात. म्हणूनच औषध टाकल्यावर दोन दिवसांत ठिपके नाहीसे झाले की घरचे खूश होतात, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. पहिल्या वेळी ठिपके बरे झालेले नसतात, ते नुसते खाली पडलेले असतात.

आता वेगळ्या टाकीचा उपयोग कळेल. नवा मासा एकटा आहे, तळाला खडी नाही, आजार दिसला तर त्याचे सगळे चक्र त्या छोट्या टाकीतच सुरू होते आणि तिथेच संपवता येते. जुन्या माशांना त्याची खबरही लागत नाही.

एक गंमतही सांगते. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर बारीक, एकसारखे पांढरे दाणे येतात. तो आजार नाही. ठिपके फक्त तेवढ्याच जागी असतील, मासा खात असेल आणि अंग घासत नसेल तर त्याला औषध देऊ नये.

टाकीत काय हवे

काचेचीच टाकी हवी असे नाही. तीस-चाळीस लिटरचा, झाकणाचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा टब उत्तम चालतो. त्यात पूर्वी साबण, फिनेल किंवा रंग ठेवलेला नसावा. छोट्या गप्पींसाठी वीस लिटरही पुरते. तळाला खडी घालायची नाही, शोभेचा किल्ला नाही, प्लॅस्टिकचे झाड नाही. तळ मोकळा असला की उरलेले खाणे दिसते, माशाची विष्ठा दिसते. पांढरी, दोऱ्यासारखी लांब विष्ठा सतत दिसली तर पोटात जंत किंवा आतड्याचा आजार असण्याची शक्यता असते. खडीत हे कधीच कळले नसते. पण उघड्या टाकीत मासा घाबरतो, म्हणून आडोसा द्यावा. जाड पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा किंवा मातीचा आडवा ठेवलेला कप पुरतो. तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद लावावा. झाकण विसरू नये, घाबरलेला मासा उडी मारतो.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्पंज फिल्टर. हवेच्या पंपाला जोडलेला काळा स्पंज, किंमत फार नसते. पण दुकानातून आणून थेट नव्या टाकीत लावलेला स्पंज पहिले काही आठवडे जवळजवळ निरुपयोगी असतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो आणि अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. चालू टाकीत स्पंजवर, खडीवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मासे बरेच सहन करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासा आणल्यावर टाकी मांडायला घेतली तर तेवढा वेळ कुठून आणणार?

त्यावर उपाय सोपा आहे. स्पंज आजच आणावा आणि घरातल्या चालू टाकीत एका कोपऱ्यात लावून ठेवावा. तो तिथे बारा महिने चालू राहू द्यावा. नवा मासा यायच्या दिवशी तोच स्पंज उचलून टबात लावला की जिवाणू तयारच असतात. पाणीही निम्मे चालू टाकीतले घ्यावे. हे करता आले नाही तर रोज तिसरा हिस्सा पाणी बदलण्याची तयारी ठेवावी. तसे केले तरी निभते, फक्त मेहनत वाढते. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट मिळते. दोन्हींचा आकडा शून्य हवा. मुलांना हे किट फार आवडते, रंग जुळवण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशाचे कल्ले जाळते आणि स्पंजवरचे जिवाणूही मारते. दुकानात मिळणारे 'अँटी-क्लोरीन' म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट. त्याचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावेत. नाहीतर पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, मधूनमधून ढवळावे.

हीटरची गरज कोकणात क्वचित पडते. नाशिक, पुणे, नागपूरच्या थंडीत पडते. चाळीस लिटरला पन्नास वॅटचा हीटर पुरतो. प्लॅस्टिकच्या टबात तो भिंतीला टेकता कामा नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा स्विच बंद करून प्लग काढावा, आणि हीटर पाण्याबाहेर काढायचा असेल तर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर काच तडकते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उतरते, आणि आपल्याकडे वीज जातेच. भारनियमन जास्त असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा.

जागा कोणती? स्वयंपाकघरापासून आणि थेट उन्हापासून लांब, रहदारी कमी असलेली. आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: हवेचा पंप खोलीतली हवा खेचून पाण्यात सोडतो. डास मारण्याच्या स्प्रेमध्ये आणि लिक्विडमध्ये असणारी पायरेथ्रॉइड प्रकारची रसायने माशांसाठी अतिशय जहाल असतात. त्या खोलीत स्प्रे मारू नये. लोबान किंवा उदबत्तीचा धूरही पंपाजवळ नको. डासांसाठी मच्छरदाणी बरी.

या टाकीची जाळी, बादली, पाणी काढायची नळी सगळे वेगळे. रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावे म्हणजे घरातल्या कोणाचीही गल्लत होत नाही. रोजचे काम करताना आधी मोठ्या टाकीचे करावे, शेवटी वेगळ्या टाकीचे, मग हात साबणाने धुवावेत. उलट क्रम केला तर आपल्याच ओल्या हाताने आजार मोठ्या टाकीत पोहोचतो.

अठ्ठावीस दिवस

मासा आणला की पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टबात तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टबातले पाणी पिशवीत घालावे. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून टबात सोडावा. पिशवीतले पाणी मोरीत ओतावे, ते टबात नको. त्या दिवशी दिवा बंद, खाणे बंद, मुलांनी काचेवर टकटक करणे बंद. माशाला एक दिवसाचा उपास काही करत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अगदी थोडे खाणे, दोन मिनिटांत संपेल इतके. उरलेले लगेच काढावे. इथे मी घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला कामाला लावते. एक वही, रोज एक ओळ: तारीख, पाण्याचे तापमान, खाल्ले की नाही, आणि एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडझाप झाले. पहिल्या चार-पाच दिवसांत त्या माशाचा नेहमीचा आकडा कळतो. पुढे एखाद्या दिवशी तो अचानक फार वाढला, तर ठिपके किंवा जखम दिसण्याच्या आधीच काहीतरी बिनसल्याचे समजते. अमोनिया वाढला असेल, हवा कमी पडत असेल किंवा कल्ल्यांत परजीवी असतील. आधी पाणी तपासावे. माझा अनुभव असा की नव्या टाकीतल्या दहापैकी सात तक्रारी पाणी बदलल्यावरच मिटतात.

आणखी काय पाहायचे? परे अंगाला चिकटवून बसणे. पाइपला अंग घासणे. अंगावर कापसासारखा पुंजका. शेपटीची कड कुरतडल्यासारखी. खवले अननसासारखे उभे राहणे. गोल्डफिशच्या अंगातून धाग्यासारखे काही बाहेर आलेले दिसले तर तो नांगरकिडा असू शकतो.

किती दिवस ठेवायचे? तीन आठवडे ही किमान मुदत, चार आठवडे चांगली. मधेच आजार निघाला तर तो पूर्ण बरा झाल्यापासून दिवस पुन्हा मोजावेत. मुले दहाव्या दिवशी कुरकुर करतात, "आता तर बरा आहे ना!" इथे मोठ्यांनी सब्र दाखवावा.

मीठ, औषध आणि थोडे गणित

औषधाच्या बाटलीवर प्रमाण लिटरमध्ये असते आणि टाकी दुकानात इंचात विकली जाते. त्यामुळे बहुतेक घरांत झाकणाने अंदाजे औषध ओतले जाते. आठवीचे गणित इथे कामी येते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. 45 गुणिले 30 गुणिले 25 म्हणजे 33,750 घन सेंटिमीटर, म्हणजे पावणेचौतीस लिटर. उंची टाकीची नाही, पाण्याची घ्यायची. टबाच्या बाजू तिरक्या असतात, तिथे लिटरच्या बाटलीने मोजून पाणी भरावे आणि बाहेरून रेघ मारून ठेवावी.

मॉली, गप्पी, गोल्डफिश यांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर साधे मीठ हा पहिला उपाय. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने पावणेचौतीस लिटरला साडेसदुसष्ट ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावे, तीन भाग करून वेगळ्या भांड्यात विरघळवावे आणि चोवीस तासांत थोडे थोडे घालावे. नंतर दहा लिटर पाणी बदलले तर नव्या पाण्यात वीस ग्रॅम मीठ घालायचे, पुन्हा पूर्ण साडेसदुसष्ट नाही. आणि पाणी नुसते उडून कमी झाले असेल तर भर साध्या पाण्याची, कारण मीठ उडून जात नाही. हा प्रश्न मी परीक्षेत घातला आहे, निम्मा वर्ग चुकतो. कॉरिडोरस आणि लोच यांसारख्या तळाशी फिरणाऱ्या माशांना इतके मीठ सोसत नाही, तिथे जपून.

मॉली-गप्पींच्या टाकीत मिठाबरोबर तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत नेले की परजीवीचे चक्र लवकर पुढे सरकते आणि पोहणारी पिल्ले लवकर सापडतात. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून पंप जोरात हवा. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, त्याचे पाणी तापवत बसू नये. रोज तळ नळीने साफ करावा म्हणजे खाली पडलेली कवचेही निघून जातात. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपाय किमान आठवडाभर चालू ठेवावा.

मीठ पुरले नाही तर औषध. दुकानातले निळे औषध बहुधा मेथिलीन ब्लू असते. बुरशीवर त्याचा उपयोग होतो, पण ते स्पंजवरचे जिवाणू मारते आणि टाकीच्या कोपऱ्यांतले सिलिकॉन कायमचे निळे करते. मोठ्या टाकीत ते ओतले की जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि ठिपक्यातून वाचलेला मासा त्याने जातो. हिरवे औषध मॅलाकाइट ग्रीनचे; पांढऱ्या ठिपक्यांवर ते परिणामकारक आहे, पण खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत त्यावर बंदी आहे, इतके ते जपून हाताळायचे रसायन. हातमोजे घालावेत, मुलांना बाटलीला हात लावू देऊ नये. तांब्याचे औषध गोगलगायी आणि कोळंबीला मारते. कुठलेही औषध देताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर औषध तोच शोषतो. एका वेळी दोन औषधे मिसळू नयेत.

मेडिकलमधली टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो ऐकू नये. प्रमाण कळत नाही, परजीवीवर त्याचा काही परिणाम नाही, आणि उरलेले पाणी मोरीतून जाऊन जिवाणूंना औषधाची सवय लावते. ती कॅप्सूल उद्या घरातल्याच कोणाला लागणार असते.

जुना मासा आजारी पडला तर

इथे थोडा विचार लागतो. शेपटी कुरतडली आहे, भांडणात जखम झाली आहे, एकाच माशाचे पोट फुगले आहे, दुसरे मासे त्याला खाऊ देत नाहीत. अशा वेळी त्या एकट्याला वेगळ्या टाकीत नेणे योग्य. तिथे शांतता मिळते, औषध थोडे लागते, पाणी रोज बदलता येते.

पण मोठ्या टाकीतल्या माशावर पांढरे ठिपके दिसले तर ठिपक्यांचा मासा उचलून भागत नाही. तोपर्यंत खडीत कवचे पडलेली असतात. मग एकतर सगळे मासे टबात हलवून तिथे इलाज करावा आणि मोठी टाकी दोन आठवडे माशांशिवाय उबदार पाण्यात चालू ठेवावी, म्हणजे यजमान न मिळून परजीवी आपोआप संपतो; किंवा सगळ्या मोठ्या टाकीलाच मिठाचा उपाय करावा. पहिला मार्ग मला जास्त पसंत आहे, टब पुरेसा मोठा असेल तर.

हाताला कापलेले, खरचटलेले असताना कुठल्याच टाकीत हात घालू नये. माशांच्या काही आजारांचे जिवाणू, विशेषतः मायकोबॅक्टेरियम मरीनम, माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी तयार करतात. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना घरात फिशटँक आहे हे सांगावे, नाहीतर त्यांना सुचणे अवघड. टाकीचे पाणी भांडी घासण्याच्या किंवा वुजूच्या जागी ओतू नये, जाळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये.

आणि काही मासे वाचत नाहीत. खवले उभे राहिलेला मासा क्वचितच उठतो. त्याला जिवंतपणी कमोडमध्ये टाकणे किंवा बर्फात घालणे यात त्याचे हाल होतात. आसपास पशुवैद्य असेल तर विचारावे, नसेल तर अंधाऱ्या, स्वच्छ पाण्यात शांत राहू द्यावे. "बिचाऱ्याला नदीत सोडू या" हा विचार दयेतून येतो, पण आजारी मासा आपल्याबरोबर आजार नदीत नेतो. निरोगी मासाही सोडू नये. टाकीत शेवाळ खायला आणलेला सकर मासा लोकांनी तळ्या-नद्यांत सोडला आणि तो आज उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यांत अडकतो, जाळी फाडतो, खायला मात्र कोणी घेत नाही. मेलेला मासा बागेत किंवा कुंडीत खोल पुरावा. मुलांना बरोबर घ्यावे. आणि मासा का गेला ते त्यांना समजेल अशा भाषेत नीट सांगावे, परजीवीच्या नावासकट.

मुदत संपून नवा मासा मोठ्या टाकीत गेला की टब रिकामा करावा. आजार निघाला नसेल तर स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात परत लावावा. आजार निघाला असेल किंवा औषध वापरले असेल तर तो स्पंज फेकून द्यावा आणि नवा आणून मोठ्या टाकीत चढवावा, पुढच्या ईदपर्यंत तो तयार होईल. टब, पाइप, जाळी साध्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. हे सगळे, वहीसकट, त्याच टबात भरून माळ्यावर ठेवता येते.